मारुतीच्या टोळीचं दार

प्रिय जोगळेकर मास्तर,

टप्.

आठवतो का हा आवाज? लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवायचं, त्यावर सरस आणि खडूचा हात द्यायचा, आणि तो वाळला की तुम्ही मधल्या बोटाचं पेर त्यावर मारायचात. कापड ढिलं असलं तर नुसतं 'फस्' व्हायचं आणि तुम्ही एक शब्द न बोलता पुढच्या चौकटीकडे जायचात. ते 'फस्' छडीपेक्षा जास्त लागायचं आम्हाला! आणि नीट ताणलेलं असलं तर टप्. लांब कुठेतरी हलगीवर एकच थाप पडावी तसा. मग तुम्ही म्हणायचात, "बोलली. आता ही भिंत झाली."

तो आवाज गेल्या महिन्यात मी पुन्हा ऐकला, म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन किती वर्षं लोटली! पत्ता नाही, पोस्ट नाही. पण जे सांगायचं आहे ते फक्त तुमचं आहे, दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

कवठे महांकाळला एका लग्नाला गेलो होतो. स्टेजच्या मागे कापड ताणलेल्या चौकटी उभ्या केल्या होत्या. पंगती चालल्या होत्या आणि मी आपला एका खुर्चीत डोळे मिटून, शाळेतली एक कविता मनात म्हणत बसलो होतो. मधलं कडवं आठवत नव्हतं. तेवढ्यात पाठीमागून तो आवाज आला. टप्. वळून पाहिलं तर माझ्याच वयाचा एक म्हातारा, डोक्याला पटका, हातात काठी, चौकटीला कान लावून उभा.

मी सहज म्हटलं, "बोलली का भिंत?"

तो माझ्याकडे वळला. बघतच राहिला. मग म्हणाला, "बोलती हाय. पर तिरकी पट्टी न्हाई टाकली. वाऱ्यानं पडंल."

मास्तर, तो मारुती होता.

दारवाल्या टोळीचा मारुती. त्याच्याबद्दल तुम्ही मनात काय घेऊन गेलात ते तुम्ही बोलला नाहीत, पण आम्ही सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. ते खरं नव्हतं. एवढंच सांगायचं आहे. पण मी असा एकदम मुद्द्यावर येणारा नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहे. "कवी, कविता मागाहून. आधी सरस ढवळ, करपतोय!" हे वाक्य तुम्ही मला जितक्या वेळा ऐकवलंत तितक्या वेळा कुणी माझं नावसुद्धा घेतलं नसेल.

तुम्ही आलात तेव्हा आपल्या शाळेकडे तीन गुंडाळीचे पडदे होते. एक राजवाडा, एक जंगल, एक रस्ता. कुठलंही नाटक याच तीन ठिकाणी घडायचं. सांगलीच्या नाटक कंपनीत असले पडदे रंगवण्यात तुमची उमेदीची वर्षं गेली होती. बोलपट आले, कंपनी मोडली, आणि तुम्ही कृष्णाकाठच्या आमच्या गावात ड्रॉइंग मास्तर होऊन आलात. पहिल्याच स्नेहसंमेलनाच्या वेळी तुम्ही त्या राजवाड्याच्या पडद्यासमोर उभे राहून आम्हाला विचारलंत, "या घरात कुणाला आत जाता येईल का रे?"

आम्ही हसलो. कापडात कसं जाणार?

"मग हे घर कसलं? आपण आत जाता येईल असं बांधू."

आणि वर्गाच्या टोळ्या पडल्या. चौकटवाले, कापडवाले, दारवाले, रंगवाले. इस्माईलच्या घरी ताबूत बांधायचे, कामट्या आणि कागद त्याच्या बोटांत होते, तो कापडवाल्यांत गेला. मारुती कवठे महांकाळकडचा, बोर्डिंगात राहणारा, अंगानं थोराड. तो दारवाल्यांचा म्होरक्या. मी कुठेच कामाचा नव्हतो, म्हणून रंगात. तुम्ही म्हणालात, "याला खिडकीतलं आकाश द्या. निदान चुकलं तर ढग म्हणता येईल."

तुमचा तो नियम! नंतर मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, पुष्कळ मास्तर पाहिले, पण असा नियम कुणाचा पाहिला नाही. एका टोळीनं केलेलं तिनं स्वतः उभं करायचं नाही. ते दुसऱ्या टोळीनं उभं करायचं, आणि तिसरीनं उतरवायचं. करणाऱ्या टोळीनं तोंड मिटून बाजूला बसायचं. सांगायचं नाही, खुणा करायच्या नाहीत.

"तुमची भिंत दुसऱ्याला कळली पाहिजे," तुम्ही म्हणायचात. "तुम्ही शेजारी उभे राहून समजावणार असाल तर ती भिंत नव्हे, भाषण."

पहिल्या खेपेला काय झालं आठवतं? मी रंगवलेली खिडकीची भिंत दारवाल्यांनी उलटी उभी केली. खिडकी जमिनीला टेकली आणि आकाश खाली, नदी वर! मी जागेवर तळमळतोय, बोलायची चोरी. मारुती कमरेवर हात ठेवून म्हणतो, "मास्तर, झ्याक बसली बगा!" तुम्ही सगळ्या घराला एक चक्कर मारलीत आणि म्हणालात, "राहू दे आजचा दिवस. मांजरांनाही बाहेर बघायला मिळू दे." दुसऱ्या दिवशी आमच्या टोळीनं भिंतीच्या मागे, वरच्या कडेला, एक बाण काढला. तुम्ही तो पाहिलात. फक्त माझ्या डोक्यावर टप् केलंत.

खिळा मात्र तुम्हाला चालायचा नाही. सगळे जोड खुंटीचे. उतरवताना कुणी हातोडी घेऊन फळीवर धावला की तुम्ही ओरडायचात, "फळीशी मारामारी करू नका. खुंटी शोधा! खुंटी उडाली की अख्खी चौकट हातात येते." मारुतीला हे इतकं आवडलं की बोर्डिंगातल्या खाटांच्या खुंट्या उडवून त्यानं निम्म्या पोरांना जमिनीवर झोपवलं होतं. रेक्टरनी त्याला तुमच्याकडे आणलं तेव्हा तुम्ही त्यांच्यासमोर रागावलात आणि ते गेल्यावर विचारलंत, "खाट मोडली की सुटली?"

"सुटली मास्तर. एक बी कपचा न्हाई."

"मग ठीक."

आणि उंबरा! तो तर दारवाल्यांचा खास गाढवपणा. तुम्ही दाराचा नकाशा दिला होतात त्यात उंबरा नव्हता. मारुतीच्या टोळीनं दार केलं ते उंबऱ्यासकट, चांगला वीतभर उंच. तुम्ही म्हणालात, "अरे, हे रंगमंचावरचं दार. नट येणार, जाणार. याला उंबरा कशाला?"

"आवं मास्तर, उंबऱ्याबिगार घर असतंय व्हय?" मारुती म्हणाला. "मग ती बाई हळद-कुंकू कशाला लावणार? आन् लक्षुमी आत कुठनं ईल?"

"कुठली बाई?"

"नाटकातली!"

नाटकातली बाई म्हणजे नववीतला बंडू, लुगडं नेसलेला. तालमीत तो डोक्यावर हंडा घेऊन ऐटीत आला आणि उंबऱ्याला अडखळून हंड्यासकट आडवा झाला. सगळं घर हललं, कौलं रंगवलेली पट्टी हेडमास्तरांच्या पुढ्यात पडली. आम्हाला वाटलं, आता उंबरा गेला. तुम्ही हसून हसून डोळे पुसलेत, मारुतीच्या रडवेल्या तोंडाकडे पाहिलंत, आणि म्हणालात, "उंबरा राहील. नटांना पाय उचलायला शिकवू."

मग आठवडाभर तुम्ही नटांकडून तेच करून घेतलंत. चौकटीला हात लावायचा, खाली बघायचं, पाय उचलायचा, आत यायचं. नटांनाच नव्हे, आम्हाला सगळ्यांना. "घरात शिरतोय असं वाटलं पाहिजे. बाजारात नव्हे!"

उंबऱ्याचं हे सगळं त्या शेवटच्या वर्षाचं, मास्तर. स्वातंत्र्य येऊन काही महिने झाले होते आणि कापड मिळत नव्हतं. म्हणून टोळ्यांनी घरोघर फिरून जुनी धोतरं, लुगडी, पिठाची पोती गोळा केली. तुमच्या घरातून काकूंनी त्यांचं हिरवं इरकली लुगडं दिलं. तुम्हाला ते पटलं नव्हतं, पण काकू म्हणाल्या, "विरलंय ते. भिंत झालं तर तेवढंच टिकेल." पुढून पाहिलं तर चुन्याची भिंत, मागून पाहिलं तर सगळ्या गावाचं वाळवण. मला ते मागूनच जास्त आवडायचं. त्यावर कविता करायला घेतली होती मी, आणि त्या नादात सरस करपला.

नाटक व्हायचं होतं फेब्रुवारीत. घर तयार झालं होतं, उतरवून हॉलच्या भिंतीला लावून ठेवलं होतं.

आणि दिल्लीहून ती बातमी आली.

मारणारा तुमच्या जातीचा होता, एवढंच गर्दीला पुरलं. ते दिवस मला लिहिता येत नाहीत. तुम्हाला सांगायची गरजही नाही, तुम्ही ते अंगावर घेतलेत. भर दुपार होती. बाहेरगावचा ट्रक आला असं कुणीतरी शाळेत ओरडत आलं आणि तुम्ही खडू टाकून धावलात. काकू त्या दिवशी शेजारच्या गावी होत्या, पण तुमची आई, आम्हा पोरांची आजी, घरात होती, मागच्या खोलीत. डोळ्यांत मोतीबिंदू, एकटीनं उठता न येणारी. आम्ही तुमच्या मागे धावलो. बोळाच्या तोंडाशी हेडमास्तरांनी आणि शिपायानं तुम्हाला कंबरेला मिठी मारून अडवलं. पुढचं दार पेटलं होतं. धूर थोडा बाजूला झाला तेव्हा घराच्या कडेनं मागचं दारही दिसलं.

तिथे मारुती होता. दोन्ही हातांत कुऱ्हाड, डोक्याच्या वर उचललेली. त्यानं मान वळवली. त्यानं तुम्हाला पाहिलं, तुम्ही त्याला पाहिलंत. मग धूर आला.

तुम्ही "मारुती" एवढंच म्हणालात. हाक मारल्यासारखं नाही. हजेरीत नाव वाचल्यासारखं.

आजी सापडल्या त्या संध्याकाळी, इस्माईलच्या घरी. त्याची अम्मी सांगत होती, "एक पोरगं पाठीवरनं घेऊन आलं, दारात बसवलं आणि गेलं. तोंड सगळं काजळीनं भरल्यालं. वळखू न्हाई आलं." आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "नाव नाही रे सांगितलं मेल्यानं. पाठीचं हाड टोचत होतं मला, म्हटलं हळू चाल, तर रडायलाच लागला."

आणि मारुतीला त्या ट्रकातून उतरताना गावातल्या चार जणांनी पाहिलं होतं. ट्रकात त्याचा चुलता होता. मग कुणाला काय विचारायचं उरलं?

घर गेलं. हेडमास्तरांनी शाळेचा हॉल दिला. एवढ्या मोठ्या हॉलच्या कोपऱ्यात काकू आणि आजी पदर ओढून बसल्या होत्या, येणारा-जाणारा बघत होता. इस्माईल मला म्हणाला, "दत्तू, घर तर आहे की आपल्याकडं." कुणी कुणाला हुकूम दिला नाही, मास्तर. तुम्ही तर खांबाला टेकून डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखे बसला होता. चौकटवाल्यांनी कापडवाल्यांच्या भिंती उचलल्या, कापडवाल्यांनी खांब. आमच्या टोळीच्या वाट्याला दार आलं. आम्ही ते कधी उभं केलं नव्हतं, पण एकेक खुंटी आपली जागा सांगत होती. सूर्य मावळायच्या आत तुमच्या घरच्या बायकांना चार भिंती आणि लावून घेता येईल असं दार मिळालं.

आजी आत गेल्या, हातानं चाचपत भिंतीपाशी बसल्या आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "खिडकी आहे म्हणता, मग वारा कसा येत नाही रे?"

माझी खिडकी! रंगवलेली नदी, रंगवलेलं आकाश. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी इस्माईलकडून सुरी घेतली आणि ते आकाश चौकोनी कापून काढलं. आजींच्या तोंडावर वारा आला तेव्हा त्या हसल्या. मास्तर, मी पुढे कविता पुष्कळ लिहिल्या. छापल्या कुणी नाहीत. पण त्या कापलेल्या खिडकीएवढी चांगली ओळ मला एकदाही जमली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर काकूंनी मारुतीच्या उंबऱ्यावर रांगोळीची दोन बोटं ओढली होती.

आणि तुम्ही? तुम्ही दारापाशी आलात, फळीवर हात ठेवलात. बोटाखाली खुंटी लागली असेल. विचारलंत, "दार कुणी उभं केलं?"

मी म्हटलं, "आम्ही. रंगवाल्यांनी."

"आणि केलं कुणी?"

तुम्हाला माहीत होतं. तरी विचारलंत. तुम्ही हात काढून घेतलात. आणि मग जितके दिवस तुम्ही त्या घरात राहिलात, त्या दारातून एकदाही आत गेला नाहीत. दोन भिंतींच्या जोडापाशी कापड थोडं सुटं होतं, तिथून वाकून, अंग चोरून आत शिरायचात. कंपनीत राजवाडे रंगवलेला माणूस! काकू दार उघडून धरायच्या, तुम्ही बघायचातसुद्धा नाही. ते दृश्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला असं वाकताना बघणं आम्हाला तुमच्या जळक्या घरापेक्षा अवघड गेलं, हे तुम्हाला कळलं होतं का?

मग काकूंचे भाऊ पुण्याहून आले आणि तुम्ही निघालात. जाताना तुम्ही आमच्यापैकी कुणाशी बोलला नाहीत. फाटकापाशी एकदा थांबलात, हेडमास्तरांना म्हणालात, "मुलांना घर बांधायला शिकवलं. बाकी काही शिकवायचं राहून गेलं वाटतं." ते आम्हाला ऐकू आलं. मुद्दाम तेवढ्या आवाजात बोललात का हो?

आम्ही घर उतरवलं. नियमाप्रमाणे, तिसऱ्या टोळीनं. एक कपचा उडाला नाही. बघायला तुम्ही नव्हता.

आता ते ऐका, मास्तर, जे मला गेल्या महिन्यात त्या मांडवात, पंगतीच्या गोंधळात कळलं.

मारुती तेव्हा शाळूच्या राखणीसाठी गावी गेला होता. परत शाळेला यायचं होतं. चुलता म्हणाला, ट्रक तिकडंच चाललाय, सोडतो तुला. तो आपली पिशवी घेऊन चढला. पिशवीत तुमच्यासाठी हुरडा होता! "मला काय ठावं रं," तो म्हणाला, "म्या म्हटलं ही माणसं कुठल्या लग्नाला निघाल्यात. गावात शिरल्यावर कळलं. मग मास्तरांच्या दारात थांबला ट्रक."

"मग?"

"मग काय. म्हातारी मागच्या खोलीत असती ह्ये मला ठावं हुतं. काकूंच्या हातचं लाडू खायला त्याच दारानं जायचो की आमी. एकाच्या हातातली कुऱ्हाड वढून घेतली आन् मागं पळालो. दाराला आतनं कडी. फळी सागवानी, ती काय मोडती व्हय? मग मास्तरांचं आठवलं. फळीशी मारामारी करू नगा. चौकटीची खुंटी बघितली, एक घाव वर, एक खाली. अख्खी चौकट हातात आली बग, दत्त्या. दारासकट. खाटंवाणी सुटली."

तो हसला आणि त्याच वेळी त्याचे डोळे भरले.

"वरला घाव घालताना मास्तरांनी बघितलं मला. नजरानजर झाली. मला वाटलं, त्यांना कळलं. घाव कुठं घालतोय ह्ये त्यांना दिसलं आसंल. त्येंनीच शिकीवल्यालं."

तुम्हाला दिसलं नव्हतं, मास्तर. धूर होता, आणि धुरापेक्षा जास्त काहीतरी होतं.

आजींना इस्माईलकडे सोडून तो परत तुमच्याकडे यायला निघाला, तर वाटेत चुलत्यानं दंडाला धरून ट्रकात घातलं. पुन्हा शाळेत पाठवलं नाही. वय झाल्यावर तो पलटणीत गेला.

मी त्याला विचारलं, "अरे, मग कधी सांगितलं का नाहीस कुणाला? एक पत्र तरी टाकायचं मास्तरांना!"

"चुलत्याचं नाव घ्यावं लागलं आसतं की रं. बाप मेल्यावर त्यानंच आमाला जगवलं. चुलता गेला, तवा मास्तरांचा पत्त्या काढला पुण्यातनं. तर त्ये बी गेल्यालं."

मांडवातलं बँडवाल्यांचं गाणं संपलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्यानं विचारलं, "दत्त्या, तू शिकल्याला हायस. खरं सांग. मास्तर मला त्यातला समजून गेलं का?"

काय सांगणार होतो मी? तुम्ही जोडापाशी वाकून आत शिरायचात, हे सांगू? मी म्हटलं, "मी लिहितो त्यांना." तो माझ्याकडे बघत राहिला. मेलेल्या माणसाला कसं लिहिणार, असं विचारील असं वाटलं. म्हणाला, "लिही. पर खुंटीचं नीट लिही."

म्हणून नीट लिहिलं आहे. एक घाव वर, एक खाली.

रागावू नका, पण एक विचारू? तुम्हाला आजी सापडल्या होत्या. काजळीनं तोंड भरलेल्या पोराचं कानावर आलं होतं. राखेच्या मागच्या बाजूला, घरापासून दूर, ते अख्खं दार चौकटीसकट पडलं होतं. मी स्वतः पाहिलं होतं, तुम्हीही पाहिलं असणार. न जळलेलं, न फुटलेलं! आम्ही पोरं होतो, भेदरलेली होतो, आम्हाला ते जुळवता आलं नाही. पण मास्तर, जोड शिकवणारे तुम्ही! दोन टोकं समोर पडलेली असताना तुम्ही ती एकमेकांशी लावून का पाहिली नाहीत? निदान एकदा आमच्यापैकी कुणाला विचारायचं होतंत.

की पाहिली होतीत? पुढे कधीतरी, पुण्यातल्या एखाद्या दुपारी, तुमच्या हातात एखादी खुंटी आली आणि लक्षात आलं, असं झालं का? मी कितीदा मनाशी तसं घडवून पाहतो. मग वाटतं, तसं असतं तर तुम्ही एकदा तरी आला असता. हलगीच्या थापेसारखं मारुतीच्या पाठीवर टप् केलं असतंत.

आणि पुण्यात तुम्ही पुन्हा कधी मुलांच्या टोळ्या केल्यात का? तुम्ही गेल्याची बातमी पेपरात आली तेव्हा खाली लिहिलं होतं, निवृत्त चित्रकला शिक्षक. घर बांधण्याबद्दल काही नव्हतं. मी ती बातमी परत परत वाचली, कुठेतरी उंबरा दिसेल म्हणून.

इस्माईल मागेच गेला. त्या घराचे आता मी आणि मारुती, दोघेच. त्याचे गुडघे गेले आहेत. "म्या आता गाव सोडत न्हाई," असं त्यानं मला निघताना सांगितलं. तेव्हा मीच जाणार. या रविवारी एसटीनं जाऊन हे पत्र त्याला वाचून दाखवीन. खुंटीचा भाग दोनदा. आणि मास्तर, तुम्हाला शब्द देतो: त्याच्या घरी जो उंबरा असेल तिथे चौकटीला हात लावीन, खाली बघीन, पाय उचलीन आणि आत जाईन. माझ्यासाठी नव्हे. तुमच्या वतीनं. ते तेवढं तुमचं राहून गेलं आहे.

तुम्ही असाल तिथे काकूंना आणि आजींना माझा नमस्कार सांगा. आजींना म्हणावं, आकाश कापणारा तो मीच.

तुमचा,
सरस करपवणारा दत्तू

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं होतं (वर पत्ता काय लिहिणार होतो, देव जाणे!), तेवढ्यात बेल वाजली. घरात कुणी नाही, मीच उठलो. दार उघडलं तर मारुती. त्याचा नातू इथे सांगलीला, कुपवाडच्या कारखान्यात कामाला आहे. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, गुडघे धरत आला. पटका धुळीनं भरलेला.

"रविवारपतूर कोण दम धरतंय?" म्हणाला. "लिवलंस का?"

"लिहिलं. आत ये, वाचतो."

मास्तर, आमच्या या फ्लॅटला उंबरा नाही. फरशी बाहेरून आत सपाट आली आहे. मारुतीनं काठी भिंतीला टेकवली, चौकटीला हात लावला, खाली बघितलं, आणि तो दुखरा पाय उचलून आत आला.